उतरू दे आधी

“आत्ता इथेच तर होते,” केळुसकर काकू म्हणाल्या, आणि त्याच वेळी तोंडातून ठिणग्या उडवणारा एक हिरवागार ड्रॅगन गल्लीच्या वळणावरून थेट आमच्या अंगावर आला.

माझी मंडळी किंचाळत भिंतीला चिकटली. कुणाची तरी चिवड्याची पिशवी सांडली. ड्रॅगनच्या पोटाखाली कॅनव्हासचे बूट घातलेले माणसांचे पाय दिसत होते आणि ते ढोलाच्या ठेक्यावर मजेत नाचत होते. गावातली म्हातारी माणसंसुद्धा मुद्दाम ठिणग्यांखाली जाऊन उड्या मारत होती. धूर ओसरला तशी मी माझी नारिंगी छत्री उंच धरून पुन्हा डोकी मोजली. एक कमीच.

“काकू, नीट आठवा. काका शेवटचे कुठे दिसले?”

“त्या राजा-राणीच्या उंच बाहुल्या नाचत होत्या ना, तिथे. यांनी चष्मा काढला, घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, सांभाळ जरा.”

“आणि तुम्ही विचारलं नाहीत, कशाला म्हणून?”

“मला वाटलं, तोंड धुवायला चाललेत.”

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा मुंबईच्या एका मराठी टूर कंपनीत होते आणि एकटीच्या जबाबदारीवर नेलेली ती माझी पहिली टूर. पोर्तुगाल आणि स्पेन. नोकरी पक्की व्हायची की नाही, ते या टूरवर ठरणार होतं. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या मालकीणबाई, म्हणजे सबनीसबाई, मला समोर बसवून म्हणाल्या होत्या, “सुनीती, काय बघितलं आणि काय राहिलं, ते लोक विसरतात. जेवण बिघडलं तर महिनाभर बोलतात आणि मग तेही विसरतात. पण माणूस हरवला तर कुणी विसरत नाही. गेलेले सगळे परत आण. एवढंच काम आहे तुझं.” माझ्या आधीचा मुलगा एका गृहस्थांना पेट्रोल पंपावर विसरून पुढच्या गावाला पोचला होता. त्याची खुर्ची मला मिळाली होती, आणि ती अजून गरम होती.

तारागोनाला जत्रा आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या कार्यक्रमात तारागोना म्हणजे समुद्राकाठचं रोमन लोकांचं जुनं नाट्यगृह, त्याच्यासमोर फोटो, आणि बसमध्ये बसून बार्सिलोना. पण सांता तेक्ला ही त्या गावाची रखवाली करणारी संत, तिचा उत्सव नेमका त्या दिवशी. आपल्याकडे ग्रामदेवतेच्या जत्रेला अख्खं गाव रस्त्यावर उतरतं, तसं तिथलं गाव उतरलं होतं. मंडळी म्हणाली, बघूया की थोडं. मलाही मोह झाला. आणि आता दोन वाजता पोलीस समुद्राकडचा रस्ता बंद करणार होते. त्याआधी बस निघाली नाही तर ती रात्रीपर्यंत तिथेच, असं आमचा पोर्तुगीज ड्रायव्हर आन्सेल्मो मला तीनदा बजावून गेला होता.

वाळिंबे साहेब पुढे झाले. ते वीज मंडळातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, आणि टूरच्या पहिल्या दिवसापासून माझ्या कारभारावर त्यांची बारीक नजर होती. “मॅडम, शिस्त हवी. मी असतो तर असं झालंच नसतं.”

“मग असं करा, साहेब,” मी नारिंगी छत्री त्यांच्या हातात दिली, “सगळ्यांना घेऊन बसपाशी जा. सरळ उतार आहे. समुद्र दिसला की डावीकडे.”

त्यांनी छत्री अशी काही उंचावली, की ते बसपाशी नाही, थेट लढाईवर निघाले असं वाटावं. मंडळी त्यांच्यामागून उतरू लागली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

“काकू, तुम्हीही जा ना.”

“मी नाही जायची. नवरा माझा हरवलाय, तुमचा कुणाचा नाही.”

इंदुमती केळुसकर ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, नऊवारीतून पाचवारीत आणि आता सुनेच्या आग्रहाने पंजाबी ड्रेसमध्ये आलेल्या. पायात पांढरे बूट. मुलगा मस्कतला होता, त्याने आईबापांना हा प्रवास भेट दिला होता. मोरेश्वर केळुसकर माझगावच्या गोदीत फिटर होते. बुटके, आडव्या बांध्याचे, मान जवळजवळ नसलेले गृहस्थ. आठ दिवसांत त्यांच्या तोंडून मी मोजके शब्द ऐकले होते. चर्च असो, राजवाडा असो, काका खांबापाशी जायचे, खांबाच्या तळाला हात लावायचे आणि परत यायचे. वर कधी बघायचे नाहीत. मला वाटायचं, कंटाळलेत.

आम्ही दोघी गल्लीबोळ तुडवत निघालो. दगडी फरसबंद रस्ते, दोन्ही बाजूंना उंच जुनी घरं, प्रत्येक गॅलरीतून लाल-पिवळ्या चादरी लोंबतायत आणि चादरींवरून आजीबाई वाकून बघतायत. एका चौकात पांढऱ्या कपड्यांतली पोरं काठ्यांवर काठ्या आपटत नाचत होती.

“अगो बाय, टिपऱ्या!” काकू थबकल्या.

“काकू, चला.”

“अगं पण बघ तरी, ताल कसा धरलाय. आमच्या वाडीतली पोरं असली तर बोटं मोडून घेतली असती.”

मी त्यांचा दंड धरून पुढे ओढलं. मी भेटेल त्याला विचारत होते, पिवळी टोपी घातलेला म्हातारा पाहिलात का? आमच्या कंपनीने प्रत्येकाला एक झगझगीत पिवळी टोपी दिली होती. बायकांनी ती पहिल्याच दिवशी बॅगेत टाकली. काकांनी मात्र एकदा डोक्यावर चढवली ती झोपतानाच काढत असावेत. लोक हसून माना हलवायचे, कुणी आम्हाला नाचात ओढायचं, कुणी कागदी फुलं उधळायचं. माझ्या जिवाची घालमेल, आणि त्या गावाला आनंदाचं भरतं आलेलं. मला त्या गावाचा राग यायला लागला होता.

एका वळणावर मी पोलिसाशी हातवारे करून बोलत होते. तेवढ्यात एका टपरीवाल्या बाईने काकूंच्या हातात हिरवट सरबताचा उंच ग्लास दिला. मी वळून बघेपर्यंत अर्धा संपला होता.

“छान आहे गं. थंडगार. वाळ्याचं दिसतंय.”

मी वास घेतला. “काकू, यात दारू आहे!”

काकूंनी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आता अर्धं गेलंच आहे पोटात,” त्या शांतपणे म्हणाल्या, “उरलेलं टाकून काय पुण्य लागणार आहे?” आणि ग्लास रिकामा केला.

त्यानंतर त्यांची चाल बदलली. म्हणजे झोक जात नव्हता, पण त्या चालत होत्या कशा, वरातीत चालल्यासारख्या. दुरून कुठूनतरी वाद्याचा आवाज येत होता. सनईपेक्षा कर्कश, पण सनईचीच कुणी लांबची बहीण. सोबत ढोल. काकू कान टवकारून उभ्या राहिल्या.

“तुला सांगू का? हे हरवलेले नाहीत. हे त्या आवाजाच्या मागे गेलेत.”

“कशावरून?”

“चष्मा आणि घड्याळ,” त्या म्हणाल्या. “मेली मी, मला तेव्हाच कळायला हवं होतं. चष्मा आणि घड्याळ काढून ते फक्त एका कामाला जायचे. गोविंदाला.”

चालता चालता त्यांनी मला सगळं सांगितलं. काका त्यांच्या वाडीच्या गोविंदात सगळ्यात खालच्या थराला असायचे. लग्नाआधीपासून. दहीहंडीच्या सकाळी चष्मा आणि घड्याळ बायकोच्या हातात ठेवायचे आणि जायचे. काकूंनी एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. “मी घरी देव पाण्यात घालून बसायची. खरोखरचे. तांब्याच्या घंगाळात. हे घरी आले की बाहेर काढायची.” मग एका वर्षी वरचा मुलगा काकांच्या खांद्यावर कोसळला, गळ्याचं हाड मोडलं. काकूंनी लहान मुलाच्या डोक्यावर काकांचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली, परत जाणार नाही म्हणून.

“आणि ते गेले नाहीत?”

“कधीच नाही. एक शब्द बोलले नाहीत. पण दहीहंडीच्या दिवशी खिडकी लावून घेतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. मी चहा नेऊन देते. तोही गार होतो.” काकूंनी ओढणी सावरली. “आणि गंमत माहितेय? इतकी वर्षं गेले, पण हंडी फुटताना यांनीही कधी बघितली नाही. खालच्या थराला मान खाली घालूनच उभं राहायचं असतं ना. वर बघितलं की मान मोडायची.”

गल्ली संपली आणि आम्ही नगरपालिकेसमोरच्या लांबलचक चौकात आलो. चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आणि मधोमध, माणसांवर माणसं चढत होती.

माणसांचे असे मनोरे मी फोटोत पाहिले होते. फोटोत ते गंमत वाटतात. समोर उभं राहिलं की नाही. खाली शेकडो माणसांचा गच्च गठ्ठा, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या पाठीवर, डोकी खाली घातलेली, सगळ्यांचे विटकरी सदरे. त्या गठ्ठ्याच्या मध्यातून पांढऱ्या पँटी आणि कमरेला काळे पट्टे गुंडाळलेली माणसं एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहत होती. आणि त्या विटकरी गठ्ठ्यात, कडेपासून दोन रांगा आत, एक झगझगीत पिवळी टोपी.

“काकू,” मी म्हणाले.

“दिसली,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

मी त्यांना नगरपालिकेच्या दारापुढच्या उंच पायरीवर उभं केलं आणि गर्दीत घुसले. कोपर, खांदा, माफ करा, माफ करा, असं करत गठ्ठ्याच्या कडेला पोचले. काकांची कॉलर माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी ती धरली.

“काका! चला बाहेर! बस सुटतेय!”

“सुनीती बाय,” काका मान खालीच ठेवून म्हणाले, आणि त्यांचा इतका स्वच्छ, इतका तरुण आवाज मी आठ दिवसांत ऐकला नव्हता, “हात लावू नकोस. पोरं वर गेलीत.”

त्याच वेळी विटकरी सदऱ्यातल्या एका बाईने माझं मनगट पकडलं. पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या. रोसेर त्यांचं नाव. शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे आमचं जमलं. “ते तुमचे आहेत का? आता कुणीही हलायचं नाही. वर सहा थर होणार आहेत.”

“पण ते प्रवासी आहेत! त्यांना काय कळतं यातलं?”

“आम्ही खाली माणसं कमी पडली की गर्दीतल्या कुणालाही बोलावतो,” त्या म्हणाल्या. “हे स्वतः आले. सगळ्यात मागे उभे राहिले. पाय कसे रोवलेत ते आमच्या म्होरक्याने बघितलं आणि त्यांना आत घेतलं. यांना कळतं यातलं.”

खिशात माझा फोन वाजायला लागला. आन्सेल्मो.

“दोन वाजत आले. पोलीस कठडे लावतायत. सगळे बसलेत. तू कुठे आहेस?”

माझा एक हात काकांच्या कॉलरवर होता आणि एका हातात फोन. आजही तो क्षण मला लख्ख आठवतो. ओढलं तर काका येणार, बस मिळणार, नोकरी राहणार. वर बघितलं. चौथ्या थरावरच्या मुलाचे गुडघे थरथरत होते. त्याच्यावरून दोन मुली चढत होत्या, आणि त्यांच्यामागून डोक्याला हेल्मेट बांधलेली आणखी एक, अगदी चिमुरडी.

“तू जा,” मी फोनवर म्हणाले.

“काय?”

“सगळ्यांना घेऊन बार्सिलोनाला जा, आन्सेल्मो. वाळिंबे साहेबांना सांग, आता तेच टूर लीडर. आम्ही तिघं ट्रेनने येतो.”

तो पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलला. मला ते कळलं नाही आणि ते बरंच झालं. मी फोन खिशात टाकला आणि काकांची कॉलर सोडली.

“नुसत्या उभ्या काय राहताय?” रोसेरबाई ओरडल्या. “हात लावा! ढकला!”

आणि माझे दोन्ही हात एका अनोळखी लठ्ठ माणसाच्या घामेजलेल्या पाठीवर होते. माझ्या पाठीवर रोसेरबाईंचे. पुढून मागून असा काही दाब आला, की आपण एकटे उभे आहोत ही जाणीवच गेली. कुणाचा श्वास कुठला, कळेना. मान खाली. मला फक्त काकांच्या चपला दिसत होत्या. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या त्यांनी, नीट जोडून, आणि ते अनवाणी उभे होते.

वाद्यं वाजायला लागली. चौक एकदम शांत झाला. एवढ्या माणसांची शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

“इंदू!” खालून काकांचा आवाज आला. “इंदू, आहेस का?”

“आहे!” पायरीवरून काकू.

“वर काय चाललंय?”

पायरीवर काकूंचे डोळे अजून मिटलेलेच असणार.

“काकू, डोळे उघडा!” मी मान खाली घालूनच ओरडले.

“मला भीती वाटते गं!”

“इंदू, सांग ना,” काका म्हणाले. “इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.”

सनईची ती बहीण वरच्या सुरात गेली. आणि मग केळुसकर काकूंनी डोळे उघडले असणार. कारण त्या शांत चौकात, माझगावच्या वाडीतून चौथ्या मजल्यावर हाक पोचवणारा तो आवाज घुमला.

“अहो, पाचवा थर उभा राहिला! दोन पोरी आहेत. एक जरा वाकलीय... नाही, सावरली! शाब्बास गं! आता ती छोटी चढतेय. निळं हेल्मेट आहे. एवढीशी आहे हो, आपल्या नातीएवढी, सोनूएवढी! हिच्या आईला काही काळजी? कुणाच्या पाठीवर पाय, कुणाच्या पट्ट्यात पाय, माकडासारखी चाललीय. हातपाय बघा कसे चालतायत!”

“बघू कसं? मी खाली आहे.”

“मग ऐका! मध्ये बोलू नका!”

माझ्या शेजारचे दोघं मान खाली घालूनच खुदकन हसले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण नवरा-बायको कळत होते.

“खालून तिसरा हलतोय हो... सगळाच हलतोय... तुमच्या बाजूला झुकतोय! धरा!”

काकांची पाठ मला दिसली. सदऱ्याखाली ती टणक झाली. त्यांनी पाय एक वीतभर सरकवले, बोटं फरशीत रोवली आणि पुढच्या माणसाला खालून वर असा रेटा दिला. तो रेटा गठ्ठ्यातून आत गेलेला मला हातांना कळला.

“थांबला,” काकू म्हणाल्या. “झुकायचा थांबला. पोरगी पोचली. पोचली हो वर! आता... आता तिने हात वर केला!”

चौक फुटला. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. आणि त्या सगळ्यांच्या वर काका गरजले, “गोविंदा!” त्यांनी मान वर केली, खांदे सैल झाले आणि हात पुढच्याच्या पाठीवरून सुटले.

माझ्या हातांखालची पाठ झपकन मागे आली. रोसेरबाई मागून काहीतरी किंचाळल्या.

“अहो!!” काकू ओरडल्या. “हात का सोडलात? पोरगी वरच आहे!”

“फुटली ना?” काका गोंधळले.

“इथे काही फुटत नाही! हंडी नाहीये इथे! उतरतायत अजून पोरं! धरा म्हणते ना! धरा!”

काकांनी मान पुन्हा खाली घातली आणि पाठ धरली. मीही जीव खाऊन रेटले. आमच्याकडे हंडी फुटली की संपलं. दही, पाणी आणि पोरं, सगळं एकदमच खाली येतं, आणि खालचे झेलतात. इथे ते मान्य नव्हतं. ज्या बाईने मुलाची शपथ घालून त्यांना गोविंदा सोडायला लावला होता, तीच आता भर चौकात घसा फाडून सांगत होती, धरा, अजून धरा, सोडू नका.

“छोटी उतरली. घसरत घसरत आली, खांबावरून यावं तशी. दोघी पोरी उतरल्या. पाचवा मोकळा. चौथा... चौथ्याचा पाय सापडत नाहीये... सापडला. उतरला. थांबा, अजून थांबा. तिसरा. अहो, रडतोय तो पोरगा, हसतोय पण. उतरला!”

“आता?”

“आता थांबा म्हटलं ना!” आणि मग काही क्षणांनी, अगदी हळू, मला जेमतेम ऐकू आलं, “आता सोडा.”

पुढचं सगळं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. कुणी कुणाला मिठी मारतोय, पत्ता नाही. ज्या लठ्ठ माणसाची पाठ मी इतका वेळ धरली होती त्याने वळून माझे दोन्ही गाल ओढले. रोसेरबाईंनी काकांच्या गळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल बांधला. काका रडत होते आणि त्यांना ते कळतही नव्हतं. अनवाणीच गर्दीतून वाट काढत ते पायरीपाशी गेले.

“इंदू,” ते म्हणाले, “शपथ मोडली गं.”

काकूंनी रुमालाने त्यांचं तोंड पुसलं. “शपथ गोविंदाची होती,” त्या म्हणाल्या. “यांच्यात कुठे दहीहंडी असते? मोडली नाही काही.”

रोसेरबाई मला सांगत होत्या, की मुलगी वर पोचली म्हणजे काम अर्धं झालं. सगळे सुखरूप खाली आले तरच मनोरा पूर्ण धरतात. उतरताना कोसळला तर वर पोचल्याचं कौतुक आहे, पण पूर्णाचा मान नाही. मला सबनीसबाई आठवल्या आणि मी एकटीच हसत सुटले. जमिनीवर टेकून बसले आणि हसले. किती दिवसांनी हसत होते, देव जाणे.

तेवढ्यात दुसऱ्या गटाचा मनोरा चढायला लागला. काकूंनी काकांना ओढून पायरीवर आपल्या शेजारी उभं केलं. पर्समधून चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकावर चढवला.

“आता तुम्ही बघा. एकदा तरी बघा.”

अख्खा चौक वर बघत होता. काका खाली बघत होते. गठ्ठ्याकडे बोट दाखवत मला म्हणाले, “तो बघ, टक्कलवाला. तो चांगला धरतोय. त्याच्या डावीकडचा कच्चा आहे.”

“अहो, वर,” काकू म्हणाल्या. त्यांनी काकांची हनुवटी धरली आणि चेहरा वर केला.

मनोरा थरथरत वाढत होता. काकांचं तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं. एक मुलगा चढला, अगदी टोकाला गेला आणि त्याने निळ्या आकाशात हात वर केला. चौकाने आरोळी ठोकली. मी टाळ्या वाजवायला हात उचलले.

काकांनी माझे दोन्ही हात धरून खाली केले. “थांब,” ते म्हणाले. “उतरू दे आधी.”

संध्याकाळच्या ट्रेनमध्ये सबनीसबाईंचा फोन आला. वाळिंबे साहेबांनी बार्सिलोनाच्या हॉटेलातून सविस्तर तक्रार नोंदवली होतीच.

“बस सोडलीस तू?”

“हो, बाई.”

“प्रवासी वाऱ्यावर सोडून?”

“आन्सेल्मो आणि वाळिंबे साहेबांवर सोडले, बाई.”

“आणि तो हरवलेला माणूस?”

मी शेजारी बघितलं. काका खिडकीला टेकून झोपले होते, गळ्यात लाल रुमाल, डोक्यावर पिवळी टोपी. त्यांच्या खांद्यावर काकू, घोरत. खाली समुद्र चमकत होता.

“इथेच आहे. झोपलाय.”

बाई म्हणाल्या, “विमानतळावर मी स्वतः येणार आहे मोजायला.” आणि खरंच आल्या. दाराशी उभ्या राहून एकेक डोकं मोजलं, शेवटची बॅग बाहेर आली तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारली आणि वाळिंबे साहेबांचं भाषण ऐकायला निघून गेल्या. नोकरी पक्की झाली. पुढे माझी स्वतःची कंपनीही झाली.

पुढच्या वर्षी दहीहंडीला मी ऑफिसात व्हिसाचे कागद लावत बसले होते. फोन वाजला. पलीकडे इतका गोंगाट, ढोल, ताशे, की कोण बोलतंय ते आधी कळेना.

“सुनीती, मी इंदुकाकू!”

“काकू! एवढा आवाज कसला?”

“खिडकी उघडी आहे,” काकू ओरडल्या. “आम्ही दोघंही खिडकीत उभे आहोत. मी वर बघतेय, हे खाली बघतायत. यांनी पोरांना महिनाभर शिकवलंय, उतरायचं कसं ते. आपल्या वाडीची पोरं आज उतरून दाखवणार आहेत... अगो, हंडी फुटली! फुटली!”

“अरे वा! अभिनंदन!”

“अभिनंदन काय करतेस एवढ्यात?” काकू म्हणाल्या. मागून काकांचा आवाज आला, “तिला सांग, फोन ठेवू नको म्हणावं. पोरं वर आहेत अजून.”

मी फोन ठेवला नाही. कागद बाजूला सारले आणि पोरं उतरेपर्यंत तसाच कानाला धरून बसले.